दारात विजेची गाडी आणण्यापूर्वी

गेल्या आषाढातली ती रात्र आमच्या घरात कोणीही विसरलेले नाही. रात्री पावणेबारा वाजता आईच्या छातीत कळ आली. बाहेर मुसळधार पाऊस होता आणि समुद्राच्या बाजूने वारा असा सुटला होता की सुरूची झाडे जमिनीला टेकतात की काय असे वाटत होते. नेहमी भाड्याने ठरवतो त्या गाडीचा चालक फोन उचलेना. दुसरा म्हणाला, गाडी डहाणूला आहे, येतो. तो आला पावणेदोनला. ते दोन तास आई भिंतीला टेकून बसून होती आणि आम्ही दारात उभे राहून रस्त्यावर दिवा दिसतो का ते पाहत होतो. आई वाचली. पण त्याच आठवड्यात थोरल्या मुलाने विषय काढला, "आता आपली गाडी पाहिजे."

आमचे घर चिखल्याला. डहाणूहून नरपडमार्गे घोलवड-बोर्डीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. आम्ही रेल्वेतून गेल्या वर्षी निवृत्त झालो. थोरला तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो, सूनबाई परिचारिका आहे आणि धाकटी मुलगी नर्सिंगला जायचे म्हणते. आईला महिन्यातून दोनदा तपासणीसाठी गुजरातच्या हद्दीत वापीला न्यावे लागते. डहाणू-तलासरीकडच्या पुष्कळ कुटुंबांचा हाच रिवाज आहे. एका फेरीचे भाडे अडीच हजार रुपये पडते.

मुलाचे म्हणणे, गाडी घ्यायची तर विजेचीच घ्यावी. दोन गाड्यांवर त्याचे मन होते. एक टाटांची कर्व्ह ईव्ही आणि दुसरी ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक. दोन्ही मधल्या आकाराच्या एसयूव्ही. किंमत ऐकून आम्हाला घाम फुटला. आमच्यासारख्या घरात एवढा पैसा एका वस्तूवर एकाच वेळी कधी गेलेला नव्हता. राहते घरसुद्धा आम्ही खोली-खोली करून वाढवलेले. म्हणून ठरवले की घाई नको. दोन महिने पाहू, विचारू, मोजू आणि मगच पाऊल टाकू. त्या दोन महिन्यांत जे समजले ते वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

गाड्या कोणत्या, किमती काय

कर्व्ह ईव्ही ऑगस्ट २०२४ मध्ये बाजारात आली. त्या वेळी तिची दालनातली किंमत १७ लाख ४९ हजारांपासून २१ लाख ९९ हजारांपर्यंत होती. क्रेटा इलेक्ट्रिक जानेवारी २०२५ मध्ये आली. तिची सुरुवात १७ लाख ९९ हजारांपासून होती आणि सर्वांत वरचा प्रकार साडेतेवीस लाखांच्या आसपास जात होता. किमती अधूनमधून बदलतात, सवलतीही येतात-जातात. म्हणून खरेदीच्या दिवशीचे लेखी दरपत्रक घ्यावे. त्यावर विमा, नोंदणी, घरी बसवायचा चार्जर आणि इतर सामान यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. 'सगळे धरून एवढे' असे तोंडी सांगितलेले ऐकू नये.

विजेच्या गाडीवर जीएसटी फक्त ५ टक्के आहे. याच आकाराच्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के लागतो. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात अशा गाड्यांना मोटार वाहन करातून सूट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू येथे टोलमाफीही आहे. पण आपला रस्ता मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग. या धोरणातली टोलमाफी तेथे नाही, तेथला टोल भरावाच लागणार.

एका दालनात आम्हाला सांगण्यात आले की विजेच्या गाडीच्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात सूट मिळते. आमच्या ओळखीच्या एका लेखनिकांनी ते तपासून दिले. ती सूट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या कर्जाला ती नाही. ती धरून हिशेब केला असता तर पुढे पदरी पस्तावा आला असता.

बॅटरी म्हणजे टाकी, आणि माप म्हणजे काय

माहितीपत्रात किलोवॅट-तास हा शब्द येतो आणि माणूस गोंधळतो. त्यात अवघड काही नाही. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचे एक युनिट. कर्व्हमध्ये ४५ आणि ५५ युनिटांच्या दोन बॅटऱ्या मिळतात. क्रेटामध्ये ४२ आणि ५१.४ युनिटांच्या. पेट्रोलच्या गाडीची टाकी जशी लहान-मोठी, तसेच हे.

आता एका भरणीत गाडी किती चालते? कर्व्हच्या माहितीत ५०२ आणि ५८५ किलोमीटर असे मोठे आकडे आहेत. पण शहर आणि महामार्ग असे दोन्ही भाग धरून केलेल्या मापात त्याच बॅटऱ्यांचे आकडे ४३० आणि ५०२ येतात. आणि प्रत्यक्ष रस्त्यावर किती, याचा कंपनीचाच अंदाज ४५ च्या बॅटरीला ३३० ते ३५० आणि ५५ च्या बॅटरीला ४०० ते ४२५ असा आहे. एकाच गाडीचे हे तीन आकडे! क्रेटा आली तेव्हा तिचे प्रमाणित आकडे ३९० आणि ४७३ होते. म्हणजे एका गाडीचा ५०२ आणि दुसरीचा ३९० शेजारी ठेवून तुलना केली तर ती शेराच्या मापाची पायलीशी तुलना होईल. दालनात पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा आकडा कोणत्या मापाचा?

आम्ही आमच्यापुरता सोपा नियम केला. शहर आणि महामार्ग दोन्ही धरलेला आकडा घ्यायचा आणि त्याचे तीन चतुर्थांश करायचे. घरी बसून कागदावर केलेली ही ढोबळ मोजणी आहे. कर्व्हची लहान बॅटरी अशा हिशेबाने सव्वातीनशेच्या घरात येते आणि क्रेटाची लहान बॅटरी २९० च्या घरात. पावसात, वातानुकूलन चालू असताना आणि महामार्गावर वेगात गाडी आणखी कमी चालेल हे धरूनच चालावे.

आमचा रस्ता

मग आम्ही वही घेतली आणि घरातली माणसे खरोखर कुठे-कुठे जातात ते लिहिले. मुलाची कामाची जागा जाऊन-येऊन पाऊणशे किलोमीटर. वापीचा दवाखाना चाळीस-पन्नास किलोमीटर. डहाणूचा बाजार जवळच. मुंबईला दादरपर्यंत जाऊन-येऊन पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, पण ते वर्षातून दोन-तीन वेळा.

मोठी बॅटरी घ्यावी असा मुलाचा आग्रह होता, तो मुंबईच्या फेरीसाठी. आम्ही विचारले, मुंबईला आपण जातो कशाने? रेल्वेने. २०१३ पासून चर्चगेटच्या लोकल डहाणू रोडपर्यंत येतात आणि सबंध घराच्या तिकिटाला टोलपेक्षाही कमी पैसे पडतात. वर्षातल्या दोन फेऱ्यांसाठी बाकीचे तीनशे साठ दिवस मोठ्या बॅटरीचे व्याज कशाला भरायचे? कधी गाडीनेच जावे लागले तर महामार्गावर जलद चार्जिंग आहे. तेथे दहा टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायला कर्व्हला सुमारे ४० मिनिटे लागतात असे कंपनी सांगते. क्रेटाला ५० किलोवॅटच्या यंत्रावर ५८ मिनिटे. जेवायला आणि चहाला थांबतो तेवढ्यात काम होते. मात्र निघण्यापूर्वी मोबाइलवर पाहून घ्यावे की वाटेतले यंत्र चालू आहे की बंद.

आमची खरी गरज वेगळी होती. ती आईने एका वाक्यात सांगितली, "रात्री गाडी दारात असून उपयोग काय, तिच्यात वीज नसली तर?" त्यावरून घरात नियम ठरला. गाडी रात्री दारात लागली की तिच्यात शंभर किलोमीटरची वीज शिल्लक पाहिजेच. वापी काय, वलसाडसुद्धा त्यात गाठता येते. लहान बॅटरीचा हा साधारण तिसरा हिस्सा होतो. तेवढा नेहमी हातचा धरायचा. दोन्ही गाड्या या परीक्षेत उतरतात. म्हणजे मोठ्या बॅटरीचा प्रश्न सुटला. लहान बॅटरीच पुरे.

घरचा मीटर

विजेची गाडी घेणारे पुष्कळ जण गाडी पाहतात, घराचा मीटर पाहत नाहीत. आमच्या घराचा मंजूर भार पंखे, दिवे, टीव्ही, फ्रिज एवढ्यापुरताच. त्यावर गाडी जोडली तर वायर तापणार. वायरमनदादांना बोलावले. त्यांनी चार कामे सांगितली. महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज करणे, मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत जाड वायरची स्वतंत्र ओढणी, तिला स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी, आणि नवे अर्थिंग. आमच्या किनाऱ्यावरची वाळू आणि खारा वारा दोन वर्षांत लोखंड खातात. जुन्या अर्थिंगची पट्टी उकरली तर ती हातात तुटून आली. एवढी वर्षे आम्ही तिच्या भरवशावर फ्रिज वापरत होतो! गाडी घ्या अथवा न घ्या, हे काम सगळ्यांनी करून घ्यावे. आम्हाला वीस-बावीस हजार रुपये खर्च आला. खिडकीतून लोंबणाऱ्या जोडबोर्डावर गाडी कधीही लावू नये.

साध्या पंधरा अँपिअरच्या जोडणीवर रिकामी बॅटरी पूर्ण भरायला पंधरा-सतरा तास लागतात. पण रोज रिकामी होते कुठे? पन्नास किलोमीटर चालली तर आठ युनिटे भरायची, ती तीन तासांत भरतात. भिंतीवरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर कर्व्हची लहान बॅटरी साडेसहा तासांत भरते. क्रेटाला ११ किलोवॅटचा चार्जर चालतो आणि चार तासांत काम होते, ही तिची जमेची बाजू आहे. मात्र ११ किलोवॅटला घरात थ्री-फेज जोडणी पाहिजे. आमच्याकडे सिंगल-फेज. म्हणजे तो फायदा आमच्या दारात येऊन थांबतो. ज्यांच्याकडे पिठाची चक्की किंवा बागेच्या पंपासाठी थ्री-फेज आहे त्यांनी वायरमनला विचारून हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

खर्च कशाशी ताडून पाहायचा

दालनात विजेच्या गाडीची तुलना पेट्रोलच्या गाडीशी करतात आणि मोठी बचत दाखवतात. पण आमच्याकडे पेट्रोलची गाडी होतीच कुठे? मुलगा मोटारसायकलने कामावर जातो. पाऊणशे किलोमीटरला दीड लिटर पेट्रोल, म्हणजे दिवसाला दीडशे-एकशे साठ रुपये. तोच रोज विजेच्या गाडीने गेला तर महिन्याला अठराशे किलोमीटर होतात आणि घरच्या बिलात जवळजवळ तीनशे युनिटांची भर पडते. महावितरणच्या घरगुती दरात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांचे टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या युनिटांचा दर चढतो. तीनशेच्या पुढे गेलेले युनिट फार महाग पडते. म्हणजे मोटारसायकलच्या मानाने रोजच्या कामासाठी गाडीत बचत नाही. हे सत्य आधी मान्य करावे लागले.

मग आम्ही वाटणी केली. दिवसपाळीला मुलगा रेल्वेने किंवा मोटारसायकलने जाईल. रात्रपाळी आणि मोठा पाऊस असेल तेव्हा गाडी नेईल. आईच्या तपासण्या गाडीने. असे महिन्याला हजार किलोमीटर होतात. अशी गाडी शंभर किलोमीटरला चौदा-पंधरा युनिटे खाते आणि भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून सोळा धरली. हजार किलोमीटरला १६० युनिटे. घरचा वापर १२० युनिटे. एकूण २८०. तीनशेच्या आतच राहिलो! आमच्या बिलावर या टप्प्यातले युनिट सगळे आकार धरून तेरा रुपयांच्या घरात पडते. म्हणजे महिन्याला दोन हजार ऐंशी रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला चौदा किलोमीटर आणि लिटरचा भाव एकशे चार धरला तर तेवढ्याच अंतराला सात हजार चारशे लागतील. महिन्याला पाच हजारांवर फरक, वर्षाला चौसष्ट हजारांच्या आसपास.

पण विजेची गाडी घेतानाच महाग असते. हा फरक समजा साडेतीन लाखांचा धरला तर तो फिटायला साडेपाच वर्षे लागतात. ज्यांची गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटर चालेल त्यांचा लवकर फिटेल, पण वीजदराचा वरचा टप्पा धरून. ज्यांची गाडी महिन्यातून चार वेळाच निघणार असेल त्यांनी विजेची मधल्या आकाराची एसयूव्ही मुळीच घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांना भाड्याची गाडी किंवा लहान गाडी परवडेल.

धूर कुठे जातो

धाकटीने एक प्रश्न विचारला, "बाबा, गाडी धूर सोडत नाही, पण वीज तर कोळशाचीच ना?" प्रश्न रास्त आहे. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश म्हणून जाहीर झाला, आणि त्याच तालुक्यात ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीजकेंद्र १९९५ पासून चालू आहे. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांत जाते, राख आणि धुराची चिंता येथल्या चिकूवाल्याला. म्हणून आम्ही तोही हिशेब केला. शंभर किलोमीटरला सोळा युनिटे आणि देशातल्या विजेच्या सरासरीने युनिटामागे सुमारे पाऊण किलोला थोडा कमी कार्बन वायू धरला तर अकरा-साडेअकरा किलो होतो. पेट्रोलच्या गाडीला त्याच अंतराला सात लिटर लागतात आणि लिटरमागे सव्वादोन किलोवर वायू निघतो, म्हणजे सोळा किलो. फरक आहे, पण 'शून्य' नाही. मोठ्या जाहिरातीतला हिरवा रंग पाहून भुलू नये. उन्हाने वीज करणारे छप्पर घरावर बसले तर हा फरक खराखुरा वाढेल. ते आमच्या यादीत पुढचे काम आहे.

माणसे बसवून पाहा

आकडे झाले, मग दोन्ही गाड्या दारापर्यंत मागवल्या. एकट्या मुलाने चालवून पाहण्यात अर्थ नाही. आम्ही पाचही जण बसलो, आईची घडीची चाकाची खुर्ची मागे ठेवली आणि गावातल्या गतिरोधकांवरून, खड्ड्यांतून चिखले ते घोलवड अशी फेरी मारली.

क्रेटाची लांबी ४३४० मिलिमीटर आणि दोन चाकांतले अंतर २६१०. कर्व्हची लांबी ४३१० आणि ते अंतर २५६०. क्रेटाचे छप्पर मागपर्यंत सरळ जाते. कर्व्हचे मागे उतरते, ती तिची धाटणीच आहे. ज्या घरात मागे बसणारी माणसे उंच आहेत त्यांनी हा फरक बसूनच पाहावा. सामानाची जागा कर्व्हमध्ये ५०० लिटर, क्रेटात ४३३ लिटर, आणि क्रेटाला पुढच्या झाकणाखाली २२ लिटरची आणखी एक जागा. आमची घडीची खुर्ची आणि आईची पिशवी कर्व्हच्या मागे आडवी सहज बसली. लहान हॅचबॅक आम्ही आधीच वगळली होती, कारण खाली वाकून बसणे आईच्या गुडघ्यांना जमत नाही. दोन्ही एसयूव्हींची बैठक खाटेएवढी उंच. आई स्वतःहून बसली आणि स्वतःहून उतरली.

जीव आधी

चारोटीजवळचा सूर्या नदीचा पूल आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी तेथे झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या आसनावर बसलेले दुसरे गृहस्थ यांचा मृत्यू झाला. दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, तरी काही उपयोग झाला नाही. मागच्या माणसाने पट्टा लावणे ही पहिली सुरक्षा, आणि ती फुकट आहे.

त्यानंतर गाडीचे बळ. २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप नावाची धडक-चाचणी आहे. २०२४ मध्ये कर्व्ह ईव्हीला तिच्यात पाच तारे मिळाले. प्रौढांसाठी ३२ पैकी ३०.८१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४४.८३ गुण. कोणतीही गाडी घेताना त्याच गाडीच्या, त्याच विजेच्या प्रकाराच्या चाचणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. पेट्रोलच्या बहिणीचे तारे चालणार नाहीत.

पावसाळ्यात पाण्याची भीती सर्वांना वाटते. या गाड्यांच्या बॅटरीची पेटी पाणी आत जाऊ नये अशी बंद केलेली असते. पण म्हणून पुराच्या पाण्यात गाडी घालायची नाही. गाडी पाण्यात उभी राहिलीच तर ती चालू न करता, चार्जरला न लावता, दुरुस्ती केंद्राला कळवावे.

बॅटरीची हमी आणि गाडी कोणाच्या नावावर

गाडीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. क्रेटाच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी आहे. कर्व्हलाही सुरुवातीला तेवढीच होती. २०२५ मध्ये कंपनीने पहिल्या मालकासाठी ती पंधरा वर्षांची केली. येथे 'पहिला मालक' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नंतर नाव बदलले तर ती लांब हमी तशीच राहत नाही. अटी लेखी घ्याव्यात.

त्यावरून घरात बोलणे निघाले. कर्जाचा अर्धा हप्ता सूनबाई भरणार, कर्जाच्या कागदावर तिची सही, आणि गाडीच्या पुस्तकावर नाव मात्र मुलाचे, हे आम्हाला पटेना. मुलालाही पटले नाही. गाडी सूनबाईच्या नावावर घ्यायची ठरली. तिने त्या दिवशी काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून आली.

कर्जाचा हिशेब

शेवटी सर्वांत अवघड बैठक झाली ती पैशाची. निवृत्तीचे आमच्या हाती आलेले पैसे बावीस लाख. दालनातला माणूस म्हणाला होता, "काका, कर्ज कशाला? सगळे रोख भरा." धाकटी गप्प बसून होती. तिची आई म्हणाली, "हिच्या शिक्षणाचे काय ते आधी लिहा." वहीत पहिली ओळ ती लिहिली. मुलीच्या नर्सिंगचे सहा लाख. दुसरी, आईच्या औषधोपचाराचे चार लाख. तिसरी, घराच्या छपराचे तीन लाख. उरले नऊ लाख. गाडीला त्याच्यावर एक रुपयाही नाही. बाकीचे दहा लाख कर्ज.

दहा लाखांना नऊ टक्के व्याज धरले तर सात वर्षांचा हप्ता सोळा हजार एकोणनव्वद रुपये येतो आणि पाच वर्षांचा वीस हजार सातशे अठ्ठावन्न. सात वर्षांचा हलका वाटतो. पण त्यात व्याज साडेतीन लाखांवर जाते आणि पाच वर्षांत ते अडीच लाखांच्या आत राहते. एक लाखाहून अधिक रुपये फक्त दोन वर्षे लांबवल्याचे! आमच्या घरात मुलाचा पगार, सूनबाईचा पगार आणि आमची पेन्शन मिळून महिन्याला नव्वद हजार येतात. हप्ता उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाच्या आत पाहिजे, ही आमची मर्यादा. पाच वर्षांचा हप्ता तिच्यात बसतो. ज्यांच्या घरात बसत नसेल त्यांनी गाडी लहान करावी, हप्ता लांबवू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्या आयाबायांनी उगाच सांगितलेले नाही.

आम्ही काय ठरवले

आमच्या घरासाठी आम्ही लहान बॅटरीची कर्व्ह ठरवली. किंमत कमी, खुर्चीला जागा, धडक-चाचणीचे प्रमाणपत्र हाती आणि बॅटरीची हमी लांब, ही चार कारणे. ज्यांच्याकडे थ्री-फेज आहे, मागे बसणारी माणसे उंच आहेत, किंवा ज्यांना सरळ छपराची गाडी हवी आहे त्यांच्यासाठी क्रेटा योग्य ठरेल. एकच गाडी सर्वांना चांगली असे काही नसते. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये आणि शेजाऱ्याला दाखवायला तर मुळीच घेऊ नये.

दालनात जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. एका भरणीतल्या अंतराचा आकडा कोणत्या मापाचा? माझ्या घराच्या जोडणीवर किती तासांत भरेल? चार्जर बसवण्याचा खर्च कोणाचा? बॅटरीच्या हमीत काय बसते आणि काय बसत नाही? धडक-चाचणी झाली का? जवळचे दुरुस्ती केंद्र किती किलोमीटरवर, आणि गाडी बंद पडली तर ओढून नेण्याचे पैसे कोण देणार? उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर चहा पिऊन परत यावे.

नोंदणीचे पैसे भरून घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. पावती हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "त्या वायरमनने जमिनीत जे पुरले ते नीट पुरलंय ना?" आम्ही म्हणालो, नीट पुरले आहे. तेव्हा कुठे तिने पावती सूनबाईच्या हातात दिली.